सातचे सतरा

बाई, तुमची वही माझ्याकडे आली आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, कडांना खडूचा हात लागलेली. तिच्यावर तुमचं नाव नाही. 'दहावी, गणित' एवढंच लिहिलेलं आहे.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. तुमचे जुने विद्यार्थी तुमच्या आठवणींची एक पुस्तिका काढत आहेत. त्यासाठी त्यांनी मला दोन पानं मागितली. "सर, तुम्ही हेडमास्तर होता. बाईंच्या कामाचं तुम्हीच लिहा." मी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. दोन्ही वेळा तुम्ही मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष निघालात. आपण अकरा वर्षं एका शाळेत काढली. मनमिळाऊ तर तुम्ही अजिबात नव्हता. माझ्याशी तर नाहीच.

म्हणून आता तिसऱ्यांदा लिहितो आहे. छापायचं की नाही ते मुलांनी ठरवावं. सातचे सतरा मी केले होते. तुम्ही नाही.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. पण ज्या मुलांच्या हाती ही पानं पडतील त्यांना ठाऊक नाही, म्हणून जरा मागून सांगतो. तुम्ही ऐकून घ्या. मध्येच "सर, मुद्द्याचं बोला" म्हणू नका.

संस्थेनं वर्गावर्गात कॅमेरे बसवले तेव्हा मी पेढे वाटले होते. निपाणीच्या बाजूच्या शाळांमध्ये ते पहिल्यांदा आपल्याकडे आले, याचाच मला अभिमान. बेळगावच्या कार्यालयात एक माणूस पडद्यासमोर बसून सगळ्या शाखांचे वर्ग बघायचा आणि काही खटकलं की मला फोन करायचा. दहावीचा कॅमेरा दारावर होता. त्याला फळा, टेबल आणि पुढची दोन बाकं दिसायची. तुम्ही फळ्यावर एक उदाहरण लिहायचा आणि मागं जायचा. मग तासभर बाकांच्या मधून फिरणं, कुणाच्या तरी वहीशेजारी उकिडवं बसणं. फोन यायचाच.

"सर, दहावीत मास्तर न्हाईत."

मी येऊन बघायचो, तर तुम्ही शेवटच्या बाकाशी.

"बाई, जरा पुढं उभ्या राहत चला. दिसत नाही तुम्ही."

"कुणाला दिसत न्हाय? पोरांना दिसते की."

"कॅमेऱ्याला."

"का, त्याला गणित शिकायचं हाय व्हय?"

सगळा वर्ग हसला होता. मीसुद्धा हसलो होतो, पण बाहेर व्हरांड्यात आल्यावर. दुसऱ्या दिवशी तुम्ही टेबलामागच्या खुर्चीत तुमची लांब दांड्याची छत्री उभी केलीत आणि तिच्यावर शाल पांघरलीत. तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी आला. "सर, बाई अलीकडं लई शांत बसत्यात, तब्येत बरी न्हाय काय?" शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा हसता हसता तुमच्या हातातला चहा सांडला.

पण महिन्याच्या शेवटी एक पत्रक यायचं. त्यात प्रत्येक शिक्षकापुढं कॅमेऱ्यानं धरलेला अध्यापनाचा वेळ असायचा. तुमच्यापुढं सगळ्यात कमी. खाली माझी सही लागायची. मला माहीत होतं की त्या शाळेत मुलाच्या सगळ्यात जवळ बसून कुणी शिकवत असेल तर तुम्ही. मी सही करायचो. शेरा लिहायला जागा होती, दोन ओळींची. मी ती कोरी सोडायचो.

तुमचा ठिपका मुलांना मी सांगायला नको. त्यांच्या जुन्या वह्यांमध्ये तो अजून असेल. तुम्ही चुकीवर फुली कधी मारली नाही, लाल पेन कधी वापरलं नाही. उदाहरणात जिथं पहिली चूक झाली असेल त्या पायरीशेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका, बस्स. मुलानं वही घेऊन जायची, ठिपक्यापासून पुढचं पुन्हा करायचं आणि परत दाखवायला आणायची. ठिपक्याजवळ तुम्ही काही लिहायचा नाही. मी एकदा विचारलं, काय चुकलं ते लिहीत का नाही?

तुम्ही म्हणालात, "आमच्या घरी माग हाय, सर. साडी विणताना ताण्यातला धागा तुटला की माझा बाप माग थांबवायचा. पुढं विणलं तर सगळी साडी वाया. तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, तिथनं पुढं. मी टोक दाखवते. गाठ त्याची त्यानं मारायची."

मग ते ॲप आलं. दर पंधरा दिवसांनी पंचवीस गुणांची चाचणी, शनिवारी दुपारी दोनच्या आत गुण चढवायचे. गुणांप्रमाणे मुलाच्या नावापुढं लाल, पिवळा किंवा हिरवा गोळा, आणि तोच गोळा पालकांच्या फोनवर. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तुम्ही तिथं हात वर करून विचारलंत, "ठिपका कुठं द्यायचा ह्यात?" शिकवायला आलेल्या मुलीला काही समजलं नाही. मी तुमच्या वतीनं माफी मागितली.

शनिवारी तुम्हाला बाराची बस धरायची असायची. आठवडाभर तुम्ही निपाणीत भाड्याच्या खोलीत, आणि रविवारी वडगावात आईजवळ. आई अंथरुणाला खिळलेली. मीच म्हणालो, "बाई, तुम्ही जा. कागद ठेवून जा, मी भरतो." तुम्ही माझ्या टेबलावरच्या चिठ्ठीवर तुमचा पासवर्ड लिहून दिलात. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. हे तुम्ही मानाल, अशी मला आशा आहे. मला तुमची बस चुकू द्यायची नव्हती, एवढंच होतं.

त्याच वर्षी संस्थेच्या बैठकीत ठरलं की सलग तीन चाचण्यांत जो वर्ग लाल राहील तो पुढच्या वर्षी बंद होईल आणि मुलांना लांबच्या शाखेत पाठवतील. आपला दहावीचा वर्ग दोनदा लाल आला होता. त्या शाखेला दोन बस बदलून जावं लागायचं. मला माहीत होतं, मुलगे जातील आणि मुली घरी बसतील. विड्या वळतील. आपला यावरच वाद झाला होता, आठवतं? मी म्हणालो, "जरा सैल हातानं तपासा." तुम्ही म्हणालात, "गुण पोराचे का शाळेचे?" मी म्हणालो, "वर्गच राहिला नाही तर तुमचा ठिपका कुणाच्या वहीत देणार?" तुम्ही गप्प झालात. तुम्हाला गप्प करता आलं याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. तो वाद पुरा झालाच नाही. अजूनही मला वाटतं की माझ्या बोलण्यात थोडं खरं होतं, आणि त्या थोड्या खऱ्यावरच मी पुढचं सगळं केलं.

तिसऱ्या चाचणीचे तुमचे गुण समोर घेऊन मी शनिवारी एकटा बसलो होतो. यादीत सातव्या क्रमांकावर रेणुका. आई विड्या वळते, वडील नाहीत. पंचवीसपैकी सात. मी सात टाकला. लाल गोळा आला. सातच्या आधी एक टाकला. गोळा हिरवा झाला. इतकं सोपं होतं, बाई. एक बोट. मग मी खाली खाली जात राहिलो. नऊचे एकोणीस, सहाचे सोळा, आठचे अठरा. सव्वाएकला वर्ग हिरवा झाला होता. मी घरी जाऊन व्यवस्थित जेवलो.

त्या चाचणीपुरतंच करायचं असं ठरवलं होतं. पण एकदा हिरवा झालेला वर्ग पुन्हा लाल करायचा कसा? पुढच्या दोन चाचण्यांनाही मी तेच केलं.

तुम्ही सकाळी सातला जादा वर्ग घ्यायचा, अडलेल्या मुलांसाठी. रेणुका यायची थांबली. तुम्ही तिच्या घरी गेलात. तिच्या आईनं तुम्हाला फोन दाखवला. "हिरवं आलंय की बाई, मग सकाळी कशाला यायची? दोन हात कामाला तेवढंच." सोमवारी तुम्ही माझ्या खोलीत आलात. बसला नाहीत.

"सर, आपला वर्ग हिरवा कसा काय आला?"

"नेटवर्कचा काहीतरी गोंधळ झाला असेल," मी म्हणालो. "बघतो मी. सुधारतो."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मुलाच्या वहीकडं बघायचा तसं. मग म्हणालात, "सुधारा मग," आणि तासावर गेलात. पुढची चाचणी नव्हतीच. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. मी काहीही सुधारलं नाही.

बोर्डाचा निकाल लागला. ॲपवर हिरवी असलेली मुलं गणितात नापास. रेणुकाही. संस्थेनं चौकशी लावली. तिघे जण आले, त्यांच्याकडं कॅमेऱ्याचं पत्रकही होतं. या बाई फळ्यापाशी दिसत नाहीत, मुलं नापास होतात आणि यांच्या लॉगिनवरून खोटे गुण चढतात. तीन गोष्टी एका ओळीत ठेवल्या की कशा छान जुळतात. अध्यक्षांनी मला विचारलं, "ही नोंद कुणी केली?"

मी म्हणालो, "लॉगिन बाईंचं आहे."

ते वाक्य खरं होतं. मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य तेच. तुम्ही समोर बसला होता, मांडीवर पिशवी, आणि पिशवीत ही निळी वही असणार, कारण तुम्ही ती कधी घरी ठेवत नव्हता. तुम्ही ती काढली नाहीत. माझ्याकडं एकदा बघितलंत आणि त्यांना म्हणालात, "व्हय. लॉगिन माझं हाय."

तुमच्या सेवापुस्तकात शेरा गेला : गुणनोंदीत फेरफार. तुमचा वर्ग काढून घेऊन तुम्हाला चिकोडीच्या शाखेत ग्रंथालयात बसवलं. पुस्तकांना नंबर लावायला. आणि ज्याच्यासाठी मी हे केलं तो वर्ग पुढच्या वर्षी बंद झालाच. मी निवृत्त झालो. मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. तुम्ही आला नाहीत.

एकदाच भेटलो आपण त्यानंतर. चिकोडीच्या बसस्थानकावर, मी एका लग्नाहून परतत होतो. तुम्हीच हाक मारलीत. "सर! डोकं पार पांढरं केलंत की." मला चहा पाजलात, स्वतः पैसे दिलेत, पिशवीतले दोन पेरू माझ्या हातात ठेवलेत. मला विचारलंत, "साखर चालती न्हवं अजून?" माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. बाई, मी चुकलो. एवढंच. मग तुम्ही विचारलंत, "रेणुका कुठं असती, काय ठाऊक हाय?" मी म्हणालो, नाही. तुमची बस लागली. खिडकीतून हात केलात तुम्ही. मी पेरू धरलेला हात वर केला. वाक्य तसंच राहिलं. अजून तिथंच आहे. जेवताना, पूजेला बसताना, नातवाचा गृहपाठ बघताना ते घशात येतं आणि मी पाणी पितो.

तुमच्या बाराव्याला वडगावला आलो. दारातून आत यायला बराच वेळ घेतला. तुमच्या भावानं, बसूनं, नुकताच सुरू केलेला माग माझ्यासाठी बंद केला, बोलणं ऐकू यावं म्हणून. आतून वही आणून दिली.

"आक्कानं सांगितलंया, ही सरांस्नी द्यायची. टपालानं न्हाय, हातात."

"आणखी काय म्हणाल्या?"

"न्हाय काय. म्याच एकदा ईचारलं, आक्का, तुज्यावर एवढं बालंट आलं, त्यो हेडमास्तर गप का बसला? तर म्हनली, सर करतील रं. जरा वेळ लागतोय त्यास्नी."

त्यानं हे रागानं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यानं सहज सांगितलं. मग विचारलं, "काय करायचं हुतं सर तुमी?"

मी म्हणालो, "सांगतो." आणि बाहेर पडलो. पुन्हा 'सुधारतो'सारखाच एक शब्द.

वही मी घरी आल्यावर उघडली नाही. आधी संस्थेच्या कार्यालयात गेलो. माझा जबाब चार ओळींत लिहून नेला होता. आताचे सचिव तरुण आहेत, सभ्य आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकलं.

"सर, ते ॲप आता बंद झालं. कंपनी बदलली. जुन्या नोंदी कुणाकडंच नाहीत."

"पण शेरा आहे ना?"

"शेरा सेवापुस्तकात आहे. तो कागद आहे."

"मग तो काढा."

"कशाच्या आधारावर, सर? नोंदीच नाहीत. आणि बाई आता नाहीत. तुम्ही या वयात स्वतःला कशाला त्रास करून घेता?"

मी वही न उघडताच पुढं केली, खरे गुण तिच्यात असणार म्हणून. हातानं लिहिलेली वही पुरावा होत नाही, असं ते नम्रपणे म्हणाले. माझा जबाब आवकला द्यायला गेलो तर कारकुनानं शिक्का उचलला, सचिवांच्या खोलीकडं बघितलं आणि शिक्का परत ठेवला. म्हणजे असं झालं आहे, बाई. ज्यात मी खोटं लिहिलं ते पुसलं गेलं. त्या खोट्यामुळं तुमच्यावर आलेला डाग तेवढा राहिला. आणि तो धुवायला मी स्वतः पाणी घेऊन उभा आहे, तर मला आत घेत नाहीत. एवढी वर्षं मला वाटायचं की दार माझ्या हातात आहे, फक्त उघडायचं धैर्य नाही. आता धैर्य गोळा करून गेलो तर तिथं भिंत.

मग रेणुकाला शोधलं. ती निपाणीतच आहे, आईजवळ. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. शेजारी चार वर्षांची मुलगी पाटीवर रेघोट्या ओढत होती. रेणुकानं मला ओळखलं. उठायला लागली तर मी हातानं थांबवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "रेणुका, शेवटच्या तीन चाचण्यांचे तुझे गुण मी बदलले होते. पहिल्या वेळी तुला सात होते. मी सतरा केले."

तिचे हात थांबले नाहीत.

"मला तवाच ठाऊक हुतं सर. सातच पडलेते. वहीवर बाईंचा ठिपका हुता की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"हिरवं बघून आई लई खूश झालती. शेजारी दाखवून आली फोन." तिनं एक विडी बांधली, सुपात टाकली. "बाईंस्नी सांगायचं हुतं मला. जादा वर्गाला येते म्हणायचं हुतं. न्हाय जमलं. आता बाई कुठं असत्यात?"

मी सांगितलं. तेव्हा तिचे हात थांबले. मग मुलीला म्हणाली, "जा गं, आज्जीला म्हणावं, सर आल्यात, च्या ठेव." मी चहा घेतला. आणखी काय करणार होतो?

घरी आल्यावर वही उघडली. प्रत्येक मुलाच्या नावापुढं गुण आहेत आणि त्याच्यापुढं कोण कुठं अडतं ते. 'चिन्ह बदलताना घाबरतो.' 'घाईनं भागते.' 'हिला येतं, पण हात वर करत नाही.' शेवटच्या तीन चाचण्यांना एक जास्तीचा रकाना आहे. रेणुकाच्या घरून आल्यावर तुम्ही ॲपवरचे गुण उतरवून घेतले होते, एकाशेजारी एक. तुमचा सात, माझा सतरा. तुमचा नऊ, माझा एकोणीस. बोर्डाच्या निकालाशी मी ताडून बघितलं. ज्यांना तुम्ही एक आकडी गुण दिले होते त्यांच्यातलं कुणी पास झालेलं नाही. तुमच्या वहीनं निकाल आधीच सांगितला होता. चौकशीच्या दिवशी हे एकच पान टेबलावर ठेवलं असतं तरी पुरे होतं.

त्या पानावर शेरा नाही. माझं नाव नाही. सगळी पानं मी भिंग लावून बघितली. फक्त सातव्या नावापाशी, रेणुकाच्या सतराशेजारी, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका आहे.

म्हणून ठिपक्यापासून पुढं पुन्हा लिहितो. तिसरी चाचणी : रेणुका, सात. तिच्याखालचा मुलगा, नऊ. त्याच्याखाली सहा. त्याच्याखाली आठ. पुढची सगळी नावं आणि नंतरच्या दोन्ही चाचण्या मी वेगळ्या कागदावर उतरवून या लेखाला जोडल्या आहेत. गुणांपुढं 'नोंद कुणी केली' असा रकाना आखला आहे आणि त्यात प्रत्येक ओळीला माझं पूर्ण नाव घातलं आहे. तुमचं कुठंही नाही.

पुन्हा करून आणलं आहे, बाई. दाखवायला आता कुणाकडं नेऊ?